सेकंदाला तीनशे तिरक्या रेघा

कॅप्चर सुरू आहे, जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरतेय. स्क्रीनवर नवरीला हळद लागतेय, मागे सनई वाजतेय आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा गुपचूप वाढतोय. ड्रॉप्ड फ्रेम्स : ३. मग ७. मग एकदम ४१. चित्र थबकतं, चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळं उमटतात आणि वीस वर्षांपूर्वीचं लग्न पुढे सरकायचं नाव घेत नाही.

अशा वेळी माणूस कॉम्प्युटरवर वैतागतो, केबल हलवून बघतो आणि शेवटी ‘कॅसेट गेली’ म्हणून ती परत कपाटात ठेवतो. ठेवू नका! पुष्कळदा कॅसेट गेलेली नसतेच. शिवाय अशा अडखळण्यात त्या यंत्राच्या आतली सगळी करामत उघडी पडलेली असते. सुरळीत चालणारा कॅमेरा पोटातलं काहीच दाखवत नाही. तो कुठे आणि कसा अडतो हे बघितलं, की आत काय काय चाललंय ते कळायला लागतं. आणि जे चाललंय ते कळलं, की खरंच तोंडात बोट जातं.

महाड-पोलादपूर पट्ट्यात अशा कॅसेटी घरोघरी आहेत. एमआयडीसीत नोकऱ्या लागल्या, हातात पगार आला. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येताना आणि दुबई-कुवेतला गेलेले सुट्टीवर येताना हॅंडीकॅम घेऊन यायला लागले. लग्नसराईत शूटिंगवाले आधी पॅनासॉनिकचा एम ९००० खांद्यावर घेऊन फिरायचे. नंतर मिनी डीव्हीचे कॅमेरे आले आणि कॅसेट ६६ मिलिमीटर लांब, ४८ मिलिमीटर रुंद एवढीशी झाली. बारसं, मुंज, शाळेचं गॅदरिंग, वीरेश्वराचा छबिना, रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा, सगळं त्या एवढ्याशा डबीत गेलं. जरा ती डबी उघडून बघू या.

आत ६.३५ मिलिमीटर रुंदीची टेप आहे. ती कॅमेऱ्यात किती वेगाने सरकते? सेकंदाला जेमतेम १९ मिलिमीटर, म्हणजे गाणी ऐकायच्या जुन्या ऑडिओ कॅसेटच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. इथेच कोडं पडतं. आवाजापेक्षा चित्रात माहिती कितीतरी पटींनी जास्त. ती लिहायची तर टेप हेडसमोरून, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकासमोरून, सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धावायला हवी. तेवढ्या वेगाने ती सरळ ओढली असती, तर एका तासाच्या लग्नाला छत्तीस किलोमीटर टेप लागली असती. एवढं रीळ खांद्यावर घेऊन कोण फिरणार?

यावर काढलेली युक्ती मला यंत्रविद्येतल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. टेप पळवायचीच नाही, हेड पळवायचं. कॅमेऱ्यात एक चकचकीत धातूचा ड्रम आहे, व्यास अवघा २१.७ मिलिमीटर. तो थोडा कलता बसवलेला असतो आणि मिनिटाला ९,००० फेऱ्या मारतो. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन बारीक हेड आहेत. टेप त्या ड्रमला वळसा घालून संथपणे सरकत असते आणि हेड तिच्यावर तिरकी रेघ ओढून जातं. लगेच दुसरं हेड येतं, शेजारी दुसरी रेघ ओढतं. एक रेघ साधारण ३३ मिलिमीटर लांब, रुंदी फक्त १० मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा सहा-सात रेघा सहज बसतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमला बारा रेघा आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला तीनशे तिरक्या रेघा!

आता तासाभराचा हिशेब करा. दहा लाख ऐंशी हजार रेघा. त्या एकापुढे एक मांडल्या तर लांबी भरते पस्तीस किलोमीटर. महाडहून निघून पोलादपूरला जा आणि परत या, जवळपास तेवढी! ती सगळी वाट ६८ मीटर टेपमध्ये बसली आहे. त्या वाटेवर चुंबकत्वाच्या ज्या लाटा उमटल्या आहेत, त्यांतली सर्वांत आखूड लाट अर्ध्या मायक्रॉनहूनही किंचित कमी आहे. निळ्या-हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी एवढीच असते. लग्नाच्या मांडवात, धुळीत, घामात, कुणाचा तरी धक्का लागत असताना शूटिंगवाल्याच्या हातातला कॅमेरा प्रकाशाच्या लाटेएवढी बारीक अक्षरं लिहीत होता.

रेघा इतक्या चिकटून आहेत की मध्ये रिकामी जागाच सोडलेली नाही. मग एक वाचताना शेजारची मिसळत कशी नाही? कारण दोन्ही हेडची लिहिणारी बारीक फट मुद्दाम वाकडी ठेवली आहे, एकीची वीस अंश इकडे, दुसरीची वीस अंश तिकडे. पहिल्या हेडने लिहिलेलं दुसऱ्याला जवळजवळ वाचताच येत नाही. शेजारी खेटून बसलेली रेघ त्याच्या लेखी नसल्यासारखीच.

एवढं कळलं की स्क्रीनवरचा एक नेहमीचा बिघाड लख्ख समजतो. कधी कधी चित्राचे आडवे पट्टे पडतात : एक पट्टा हलतोय, त्याखालचा गोठलेला, त्याखालचा पुन्हा हलतोय. नवऱ्याचा फेटा आत्ताचा, डोळे मघाचे, हनुवटी पुन्हा आत्ताची. मोजून बघा, पट्टे बारा भरतील. सहा जिवंत, सहा मेलेले. एका फ्रेमच्या बारा रेघा, प्रत्येक रेघेत चित्राचा एक आडवा पट्टा आणि रेघा आळीपाळीने दोन हेडच्या. म्हणजे एक हेड मळलंय! टेप धडधाकट आहे. क्लीनिंग कॅसेट काही सेकंद फिरवली की बहुतेकदा चित्र परत येतं. पट्टे मोजून कुठलं यंत्र कुठे आजारी आहे ते सांगता येतं, अगदी नाडी बघून सांगावं तसं.

बरं, हेड साफ आहे पण टेपवरच ओरखडा आहे, धूळ आहे, बुरशीचा ठिपका आहे, तर? इतक्या बारीक लिखाणावर धुळीचा एक कण बसला तरी शेकडो अक्षरं झाकली जाणार. तरीही चित्र स्वच्छ दिसतं. कसं काय?

१९६० साली अमेरिकेत अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी पाच पानांचा एक गणिती निबंध छापला. त्यातली मूळ कल्पना शाळेतल्या भूमितीइतकी सोपी आहे. दोन ठिपक्यांमधून एकच सरळ रेघ जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. समजा, मला तुम्हाला फक्त दोन आकडे पाठवायचे आहेत. मी त्या दोन आकड्यांची रेघ काढतो आणि तिच्यावरचे पाच ठिपके पाठवतो. वाटेत तीन हरवले. बिघडलं काय? उरलेल्या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवा, तीच रेघ निघेल, आणि हरवलेले तिन्ही ठिपके त्या रेघेवर सापडतील. अंदाजाने नव्हे, तंतोतंत! रीड आणि सॉलोमन यांनी सरळ रेघेऐवजी गुंतागुंतीच्या वक्ररेषा घेतल्या, एवढंच. डीव्हीच्या प्रत्येक रेघेत असे जादा ठिपके पेरलेले असतात. तुम्ही ज्याला ‘स्वच्छ चित्र’ म्हणता, त्यातले कित्येक आकडे टेपवरून वाचताच आलेले नसतात. कॅमेऱ्याने ते त्या क्षणी गणित करून परत मिळवलेले असतात. महाडच्या बाजारपेठेत दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला, कोपरा फाटलेला, चहाचे डाग पडलेला क्यूआर कोड मोबाइलला वाचता येतो ना? तोही याच गणिताने. चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं दिसायला लागतात तेव्हाच समजायचं, की आता हरवलेले ठिपके जादा ठिपक्यांपेक्षा वाढले. तोवर डाग पडत असूनही तुम्हाला पत्ता लागलेला नसतो.

टेपकडून आता केबलकडे. मिनी डीव्ही कॅमेऱ्याला पुष्कळदा दोन सॉकेट असतात. लोक ओळखीचं म्हणून यूएसबी लावतात आणि कॉम्प्युटरला टेप दिसत नाही. दिसणार कशी? बऱ्याच कॅमेऱ्यांत ती यूएसबी कार्डावरच्या फोटोंसाठी दिलेली असते. टेपची खरी वाट शेजारच्या चार पिनांच्या चिमुकल्या सॉकेटमधून जाते. अॅपलने तिला फायरवायर म्हटलं, सोनीने आयलिंक. डीव्ही आणि फायरवायरचं प्रमाणित रूप, दोन्ही १९९५ सालची. या केबलची एक गंमत आहे. ती जोडली की दोन्ही टोकांची उपकरणं जुनं सगळं विसरून आधी आपसांत ठरवतात की प्रमुख कोण, कुणाचा क्रमांक काय. आणि हा सगळा कारभार डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. कॉम्प्युटर हाच मालक असं यात गृहीत धरलेलंच नाही. दोन कॅमेरे एकमेकांना जोडून एकावरून दुसऱ्यावर नक्कल करता येते, मध्ये कॉम्प्युटर लागतच नाही.

(एक सूचना इथेच देतो, कारण यात कॅमेरे जळलेले आहेत : कॉम्प्युटरकडचं मोठं सहा पिनांचं टोक विजेचा दाब घेऊन येतं. ते जोर लावून उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याची चिप जाते. दोन्ही उपकरणं बंद ठेवूनच केबल जोडा, मग कॅमेरा प्ले मोडवर चालू करा.)

केबल जोडली, कॅमेरा दिसला. आता त्या ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’कडे, म्हणजे गळलेल्या फ्रेमांकडे, वळू.

पेन ड्राइव्हवरून फाइल घेताना कॉम्प्युटर दमला तर पेन ड्राइव्ह थांबतो. एखादा तुकडा चुकला तर तो पुन्हा मागता येतो. टेपचं तसं नाही. ड्रम फिरतोय, टेप सरकतेय, रेघा येताहेत. त्या रोखून धरायला कॅमेऱ्यात जागा नाही. फायरवायरवर सेकंदाला आठ हजार फेऱ्या सुटतात आणि कॅमेरा आपल्या ठरलेल्या फेरीत माहिती टाकून मोकळा होतो. पलीकडे पोचली का, हे विचारत नाही. पोचली नाही तर पुन्हा पाठवत नाही. नगरपालिकेचं पाणी तासभर येतं तेव्हा काय होतं, आठवा. हंडा भरला की लगेच दुसरा लावावा लागतो. तुम्ही फोनवर बोलत राहिलात म्हणून नळ थांबत नाही, पाणी मोरीत जातं. कॉम्प्युटरच्या मेमरीतला बफर हा तो हंडा, आणि तो रिता करणारी हार्ड डिस्क.

डिस्कवर दर सेकंदाला ३६ लाख बाइट उतरले पाहिजेत. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण २००१-०२ सालच्या घरगुती कॉम्प्युटरची डिस्क यावर कधी कधी घामाघूम व्हायची. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला, स्क्रीनसेव्हर लागला, डिस्कवर जागा तुकड्यातुकड्यांत उरलेली असली, की हंडा भरून वाहायचा. विंडोज एक्सपीत तर एक नामी खोड होती. डिस्कशी बोलताना काही वेळा चुका झाल्या की ते डिस्कला डीएमए पद्धतीवरून जुन्या, संथ पीआयओ पद्धतीवर उतरवायचं आणि तिथेच ठेवायचं. कॅप्चर त्या दिवसापासून कायमचं अडखळायचं, आणि शूटिंगवाले बिचारे कॅमेऱ्याला दोष द्यायचे.

आजच्या कॉम्प्युटरवर फ्रेम गळत असतील तर कारण बहुधा वेगळं असतं : खराब केबल, भलताच ड्रायव्हर, किंवा जोडाजोड केलेले तीन-तीन अॅडॉप्टर. पण उपाय जुनाच. बाकी सगळं बंद करा, टेप मागे घ्या, पुन्हा चालवा. गळलेली फ्रेम केबलमध्ये हरवलेली असते, टेपवर ती जागच्या जागी आहे. कॅप्चर बिघडलं म्हणून मूळ लग्नाला काहीच होत नाही, ही केवढी दिलासा देणारी गोष्ट आहे!

डीव्हीच्या त्या ३६ लाखांत एक शिस्त लपली आहे, आणि मला ती फार आवडते. पाल पद्धतीची प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची असते. झाकण न काढता घेतलेली काळीकुट्ट फ्रेम असो, की अक्षता उधळलेल्या मांडवाची. एक बाइट कमी नाही, एक जास्त नाही. म्हणूनच ‘दर वेळी एकोणिसाव्या मिनिटाला कॅप्चर बंद पडतं’ हे रडगाणं बसल्या जागी सोडवता येतं. जुन्या फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइलची लांबी ३२ द्विमान अंकांत लिहितात. ३२ अंकांत मावणारा मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याला ३६ लाखांनी भागा : वीस मिनिटांना थोडं कमी. आवाज फाइलमध्ये दोनदा साठवला जात असेल तर एकोणीस. लग्न नेमकं सप्तपदीला थांबतं ते यामुळे. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली की काम झालं.

आता जरा सूक्ष्म दुखणं. कॅप्चर नीट झालंय, सुरुवातीला सगळं छान. पण तासाच्या शेवटी भटजींचं ‘सावधान’ ऐकू येतं तेव्हा अक्षता पडूनसुद्धा गेलेल्या असतात. आवाज मागे राहिला. का? आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, आणि ते मोजणारं घड्याळ म्हणजे क्वार्ट्‌झचा एक स्फटिक. घरगुती कॅमेऱ्यात चित्राचं नि आवाजाचं घड्याळ एकमेकांना बांधलेलं नसतं. एका फ्रेमला सरासरी १,९२० नमुने यायला हवेत. प्रमाणकात १,८९६ ते १,९४४ एवढी सूट दिलेली आहे. समजा, तुमच्या कॅमेऱ्याचा स्फटिक सेकंदाला ४८,००० ऐवजी ४८,००५ नमुने घेतो. दहा हजारांत एकाचा फरक! सॉफ्टवेअर मात्र त्यांना ४८,००० च्या ठरल्या वेगाने वाजवतं. तासाला १८,००० नमुने शिल्लक राहतात, म्हणजे आवाज नऊ फ्रेम मागे. कान आणि डोळे इतके तिखट आहेत की एवढं लगेच खुपतं. चांगलं सॉफ्टवेअर फ्रेमगणिक नमुने मोजून आवाज हलकेच ताणतं किंवा आवळतं. तुमचं करत नसेल तर आवाजाची पट्टी वेगळी काढून ती चित्राच्या लांबीइतकी करा. नऊ फ्रेमचा फरक तासभरात वाटला गेला की कुणाच्या बापाला कळत नाही.

आणि ते दातरे? छबिन्याचं शूटिंग बघा. गर्दी उभी आहे तोवर चित्र सुंदर. सासणकाठी नाचायला लागली, की तिच्या दोन्ही कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. दुकानदार सांगतो, कॅमेरा हलका होता. मुळीच नाही! कॅमेऱ्याने तुम्हाला कबूल केल्यापेक्षा दुप्पट दिलंय, ते कॉम्प्युटरला मांडता येत नाहीये. टीव्हीच्या आरंभीच्या काळात सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं पाठवणं परवडणारं नव्हतं आणि पंचवीस पाठवली तर पडदा लुकलुकायचा. म्हणून चित्राच्या ओळी वाटून घेतल्या : आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने राहिलेल्या. डोळ्याला पन्नास झपके मिळाले, माहिती पंचविसांचीच लागली. पन्नासच का? कारण युरोपात, आणि आपल्याकडेही, घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. महावितरणच्या तारेतला आकडा तुमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये असा शिरून बसलाय. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली कॅसेट इथे पुष्कळदा चालत नाही, त्याचं एक मूळही हेच; तिथली वीज साठ आवर्तनांची.

म्हणजे कॅसेटमधल्या एका फ्रेममध्ये दोन क्षण एकमेकांत विणलेले आहेत. सासणकाठी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जराशी सरकली असेल तर सम ओळींत ती एकीकडे, विषम ओळींत दुसरीकडे. तेच ते दाते. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ करताना दोन्ही क्षण सुटे काढून सेकंदाला पन्नास फ्रेमचा व्हिडिओ करा, छबिना असा अंगावर येईल की पूर्वी टीव्हीवरही तसा दिसला नसेल. फक्त एक जपा : डीव्हीत खालची ओळ आधी येते, डीव्हीडीत बहुधा वरची. ही निवड चुकली तर क्षण २, १, ४, ३, ६, ५ या क्रमाने दिसतात. माणसं पुढे जाता जाता सेकंदाला पंचवीस वेळा मागे उडी मारतात!

मिनी डीव्हीच्या आधीच्या, मोठ्या व्हीएचएस कॅसेटींचं दुखणं वेगळं. त्यांत आकडे नाहीत, थेट लाट आहे, त्यामुळे हरवलेलं गणिताने परत येत नाही. ओळी थरथरतात, मधेच निळा पडदा येतो. व्हीएचएस कॉम्प्युटरवर घेणाऱ्या यूएसबीच्या स्वस्त डबीला ती थरथर सोसत नाही म्हणून ती हात वर करते. टाइम बेस करेक्टर असलेला चांगला व्हीसीआर मध्ये घातला तर ओळी रांगेत येतात. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी मात्र बिघाड नव्हे. तिथे एक हेड संपून दुसरं सुरू होतं. ती पट्टी पहिल्या दिवसापासून होती, जुन्या टीव्हीच्या काचेची चौकट तिला झाकायची. कापून टाका.

आता कोकणातला खरा शत्रू. महाडला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हवेत इतकी ओल असते की कॅमेऱ्यात त्यासाठी खास पहारेकरी बसवलेला आहे. ड्रमवर दव धरलं तर पातळ टेप त्याला चिकटून फाटेल, म्हणून आर्द्रता जाणवताच कॅमेरा थेंबाचं चिन्ह दाखवतो आणि कॅसेट बाहेर काढण्याखेरीज काहीही करायला नकार देतो. हा बिघाड नाही, ते यंत्राचं शहाणपण आहे. झाकण उघडं ठेवून तासभर थांबा.

ओल वर्षानुवर्षं काय करते, हे एमआयडीसीतल्या प्लांटवर शिफ्ट करणाऱ्याला मी समजावून सांगायची गरज नाही. व्हीएचएसच्या टेपवर चुंबकी भुकटी पॉलियुरेथेनच्या लेपात कालवून चढवलेली असते. त्या रेणूंच्या साखळीत एस्टरचे दुवे असतात, आणि एस्टरला पाणी भेटलं की तो आम्ल आणि अल्कोहोलमध्ये फुटतो. हायड्रोलिसिस! रिअ‍ॅक्टरमध्ये मुद्दाम घडवून आणतात तीच क्रिया इथे कपाटात, विनापरवाना, इतकी संथ चालते की दशकं लागतात. साखळ्या तुटतात, लेप चिकट होतो, हेड मळतं. मिनी डीव्हीच्या बहुतेक टेपांनी हा प्रश्न अफलातून सोडवला. त्यांच्या चुंबकी थरात लेपच नाही. निर्वात पोकळीत कोबाल्टची वाफ करून ती प्लॅस्टिकच्या फिल्मवर जमवलेली असते. थर सुमारे ०.२ मायक्रॉनचा, त्यावर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं कवच. धातूच्या वाफेवर लिहिलेलं लग्न!

आणि पूर? २००५ चा जुलै आणि पुन्हा २२ जुलै २०२१. महाबळेश्वरातून उतरणारी सावित्री, जोडीला गांधारी आणि काळ. महाडच्या बाजारपेठेत डोक्यावरून पाणी गेलं. कपाटं चिखलाने भरली. त्या चिखलातून निघालेल्या कॅसेटी अनेकांनी कचऱ्यात टाकल्या. त्यांना कुणी सांगायला हवं होतं : पाण्याने चुंबकत्व पुसलं जात नाही. अजिबात नाही. पाणी सोडा, ते आगीतूनही वाचलेलं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अवकाशयान परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं. त्यात आपली कल्पना चावला होती. काही दिवसांनी टेक्सासात पॅलेस्टाइन नावाच्या गावाजवळ अवशेषांमध्ये एका छोट्या कॅमकॉर्डरची टेप सापडली. बरीच जळाली होती, पण तेरा मिनिटं वाचता आली. त्यात परतीच्या तयारीत हातमोजे चढवणारी, एकमेकांशी बोलणारी माणसं आहेत, कल्पना आहे. कित्येक किलोमीटर उंचीवरून, आगीतून पडूनही चित्र शाबूत. कोबाल्टचं चुंबकत्व जायला हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. टेपची प्लॅस्टिक फिल्म अडीचशे अंशांच्या आसपासच वितळते. म्हणजे जोवर टेप टेपच्या रूपात शिल्लक आहे, तोवर त्यावरचं लिखाणही बहुधा शिल्लक असतं.

तेव्हा पुराची कॅसेट हाती आली तर ती कॅमेऱ्यात घालू नका. चिखलाचा एक कण हेडही फोडेल आणि टेपही. चिखल वाळू देऊ नका. हेअर ड्रायर नको, ऊन नको, फ्रीजर नको. ओली असतानाच थंड स्वच्छ पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, पंख्याच्या गार वाऱ्यात वाळवा आणि जाणत्या माणसाच्या हातात द्या. टेप दुसऱ्या, धडक्या कवचात बसवता येते.

घाई टेपसाठी नाही, ती वाचणाऱ्या यंत्रांसाठी आहे. व्हीएचएसचे प्लेअर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. मिनी डीव्हीचे कॅमेरे दुकानातून केव्हाच गेले. जे उरलेत त्यांचे हेड झिजताहेत, रबरी पट्टे सैल पडताहेत. घरात चालू कॅमेरा असेल तर तो भंगारात देऊ नका आणि कॅप्चर फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरका.

आणि कॅप्चर झालं की मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवा. तासाला १३ जीबी म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर पंचाहत्तर तास बसतात. मोबाइलसाठी लहान नक्कल खुशाल करा, पण मूळ पुसू नका, कारण तिच्यात चित्र आणि आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक फ्रेमसोबत कॅमेऱ्याने त्या क्षणाची तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे, सेकंदासकट. सॉफ्टवेअर आपोआप वेगवेगळे सीन पाडतं तेही पुष्कळदा चित्राकडे न बघता. ही वेळ कुठे उडी मारते एवढंच ते बघतं. ती स्क्रीनवर दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. लग्नाची पत्रिका शोधून काढा आणि मुहूर्ताची वेळ पडताळून पाहा. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं असेल आणि अक्षता पडताना कॅमेरा ११ वाजून ५ मिनिटं दाखवत असेल, तर लग्न लवकर लागलेलं नाही. दुबईची वेळ आपल्या दीड तास मागे आहे. मामाने कॅमेरा तिथून आणला आणि त्याचं घड्याळ महाडला आल्यावर कुणी बदललंच नाही.